आसोद्याची लेक, जळगावची सून

आपल्या सिल्वासात गणपतीच्या दिवसांत भेटणाऱ्या मराठी कुटुंबांत खानदेशची मंडळी पुष्कळ आहेत. नोकरीधंद्यासाठी वापी-सिल्वासाकडे आलेली, आता दोन-तीन पिढ्या इथलीच झालेली. त्यांच्या घरी गेलो की भिंतीवर एक तसबीर कधीतरी दिसतेच: डोक्यावर पदर, सुरकुतलेला चेहरा, शांत नजर. यंदा अंकासाठी कोणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न निघाला, तेव्हा आम्हांला फार विचार करावा लागला नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी सर्वांना ठाऊक आहेत. आम्हांला लिहायचे आहे ते शेतकरीण बहिणाबाईंविषयी.

त्यांचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावचा. माहेरचे आडनाव महाजन. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असे भरले घर. (आसोद्याचे नाव घेतले की आमच्यातल्या खानदेशी मंडळींना आधी वांग्याचे भरीत आठवते, हे इथे कबूल करून टाकतो.) मुलीला शाळेत घालण्याचा तो काळ नव्हता. अक्षरओळख झालीच नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न झाले आणि बहिणाबाई मोठ्या खटल्याच्या घरात सून म्हणून आल्या.

अशा घरातल्या सुनेचा दिवस कसा असे, हे आपल्या घरातल्या नव्वदीच्या आजींना विचारावे. पहाटे काळोखात उठून जाते ओढायचे. खानदेशी बोलीत त्याला घरोट म्हणतात. मग चूल, भाकरी, गुरांचे शेणपाणी, आणि उजाडताच शेत. काळी कसदार जमीन, ज्वारी आणि कपाशी ही मुख्य पिके. पेरणी, निंदणी, कापणी, मग खळ्यावर मळणी आणि वाऱ्यावर उपणणी. विहिरीवर मोट चाले. ही सगळी कामे बहिणाबाईंच्या गाण्यांत आहेत, आणि ती बांधावर उभे राहून पाहिलेली नाहीत. हात कामात असताना तोंडातून गाणे येत असे. जात्याची फेरी हाच त्याचा ठेका. काम संपले की गाणे आठवले तर आठवले, नाहीतर गेले.

घरावर दुःखही कमी आले नाही. तिशीतच वैधव्य आले. पदरात तीन मुले: ओंकार, सोपान आणि लेक काशी. धाकटा सोपान १९०७ चा, म्हणजे तेव्हा अगदीच लहान. त्या काळी खानदेशात प्लेगने घरेच्या घरे ओस पडत. ओंकारला प्लेगने गाठले; जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. घरात कर्ता पुरुष नाही, एक मूल अधू, आणि मोठ्या कुटुंबातल्या वाटण्यांचे ताणही वाट्याला आलेले. विधवेकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे ते वेगळे सांगायला नको. कपाळाचे कुंकू गेले तरी मनगटातले बळ गेलेले नाही, असे या बाईंनी गाण्यातून ठामपणे म्हटले आणि शेत कसत राहिल्या. नशीब सांगायला आलेल्या ज्योतिषालाही त्यांनी दारातून परत पाठवले, तेही गाण्यातच. आम्हांला त्यांचे हे रूप सर्वांत मोठे वाटते. रडगाणे त्यांनी गायले नाही. उलट विनोद भरपूर केला. जळगावात नानाजींचा छापखाना आला, तर अक्षर न वाचता येणाऱ्या या बाईंनी त्याच्यावरही गाणे रचले!

सोपान शिकला. पुढे सोपानदेव चौधरी म्हणून तो स्वतः नावाजलेला कवी झाला. शाळेतल्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट त्याने आईला वाचून दाखवली आणि तिने त्यावर गाणेच रचून ऐकवले, अशी आठवण सांगतात. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसे ते बोल कागदावर उतरवून घेतले. जे उतरले तेवढेच उरले. शेतात, जात्यावर, खळ्यावर म्हटलेले किती वाऱ्यावर गेले त्याचा हिशेब कोणी सांगू शकणार नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई गेल्या. एकाहत्तर वर्षांचे आयुष्य झाले, पण हयातीत पुस्तक नाही, सत्कार नाही. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. ही लेवा गणबोली, घरची, शेतातली. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती रुचेल का, हा संकोच त्यांच्या मनात होता. अत्र्यांनी मात्र ऐकताक्षणी ती छापायचीच असे ठरवले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाले.

तो संकोच आम्ही चांगला ओळखतो. इथे बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि मराठी बोलायची वेळ आली की पुस्तकी. घरची अहिराणी किंवा लेवा बोली पाहुण्यांसमोर आपण गिळून टाकतो. मुलांनी ती ऐकलेलीच नसते.

१९६१ साली, म्हणजे आपली दादरा-नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाली त्याच वर्षी, ‘मानिनी’ चित्रपट आला. वसंत पवारांच्या संगीतात बहिणाबाईंचे बोल घरोघर पोचले. पुढे ते शालेय पुस्तकांत आले. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

वापीहून सुरतेला गेले की तिथून नंदुरबार, अमळनेर करत तापीकाठची गाडी जळगावला जाते. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन तिकडे एक चक्कर मारावी, आणि घरात आजी असेल तर तिलाही सोबत न्यावे. कोणती वस्तू कशाची, ते तिच्याइतके नीट दुसरे कोणी सांगणार नाही.