ओळख थोरांची : अमृता शेरगिल

चित्रकलेच्या तासाला स्वतःचे चित्र काढायला सांगितले की आमच्या वर्गात आधी आरशाची शोधाशोध सुरू होते. नाक-डोळे जमतात, पण ‘मी कोण’ हे कागदावर कसे उतरवायचे? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका चित्रकर्तीची आज ओळख करून घेऊ.

अमृता शेरगिल यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग हे पंजाबातील शीख सरदार घराण्यातले, तर आई हंगेरीची गायिका. १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्यास आले. १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, अमृता चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेल्या. १९३२ साली काढलेल्या ‘तरुण मुली’ या चित्राने त्यांना तेथे मोठा मान मिळवून दिला. या चित्रातील एक मुलगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण इंदिरा.

पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःचीही अनेक चित्रे काढली. कधी युरोपीय पोशाखात, कधी साडीत. १९३४ मध्ये तर त्यांनी स्वतःला ताहिती बेटावरील स्त्रीच्या रूपात रंगवले. जणू एकच देह वेगवेगळ्या ओळखी अंगावर घालून पाहत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या भारतात परतल्या.

इथे त्यांनी नटवलेली, हसरी माणसे रंगवली नाहीत. १९३५ च्या ‘तीन मुली’ या चित्रातील मुली खाली मान घालून गप्प बसल्या आहेत. त्यांचे मिटलेले ओठ आणि स्थिर हातच सारे सांगतात. या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

१९३६ मध्ये त्यांनी अजिंठा पाहिला. तेव्हा ही लेणी आपल्या हैदराबाद संस्थानात होती. भिंतींवरील त्या सावळ्या, डौलदार आकृतींनी त्यांना नवी दिशा दिली. पुढे दक्षिणेचा प्रवास झाला आणि १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे जन्मली. पॅरिसमधले शिक्षण त्यांनी टाकून दिले नाही आणि अजिंठ्याची नक्कलही केली नाही. दोन्हींतून त्यांनी स्वतःची रेषा घडवली.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला, प्रदर्शन तोंडावर आलेले असताना, अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावीस! १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.

आपण घरी मराठी बोलतो, बाजारात तेलुगू आणि दखनी. मग आपण नेमके कुठले, असे मुले आम्हांला विचारतात. अमृताबाईंचे आयुष्य पाहिले की वाटते, यातले एक निवडून दुसरे पुसायची गरज नाही. पालकांनी सुट्टीत मुलांना अजिंठा जरूर दाखवावा. आणि मुलांनो, पुढच्या वेळी आरसा हाती घ्याल तेव्हा घाई करू नका, नीट पाहा.