अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

वर्ग शांत बसला म्हणजे तो नीट चालला, असे आपण सहज मानतो. परंतु त्या शांततेत एखादे लेकरू भयाने गप्प बसले आहे काय, आणि ज्याची जागा रिकामी आहे ते का आले नाही, हे प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. या दोन प्रश्नांसाठी ताराबाई मोडक यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे; त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून पाठबळ मिळाले आणि १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु संसार टिकला नाही. १९२१ साली विवाहविच्छेद झाला. पदरी लहान मुलगी होती. अशा स्त्रीकडे त्या काळी समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. मात्र ताराबाई खचल्या नाहीत. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. आणि १९२३ साली ती स्थिर नोकरी सोडून गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यासाठी त्या भावनगरला गेल्या.

गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती, धाक नव्हता, बक्षिसाची लालूचही नव्हती. माँटेसरी पद्धतीची साधने मांडलेली असत आणि मूल आपल्या आवडीचे काम निवडून त्यात रमून जाई. रमलेल्या मुलाला गप्प बस म्हणून सांगावे लागत नाही. शिस्त आतून येते, हे ताराबाईंनी तेथे अनुभवले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तरीही एक खंत उरलीच. ही साधने महाग होती, आणि त्यांचा लाभ शहरातील सुस्थितीतील मुलांनाच मिळत होता.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डी या समुद्रकाठच्या खेड्यात गेल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन झाले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या कार्यात सामील झाल्या. गावातील मुले बालवाडीत येऊ लागली; परंतु आदिवासी पाड्यांवरील मुले काही येईनात. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा त्यांनी निश्चय केला. पाड्यावरचे अंगण झाडावे, मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावेत आणि मग खेळ, गाणी व गोष्टी सुरू कराव्यात, असा क्रम बसला. महागड्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पानाफुलांनी घेतली. घरचीच वस्तू हाती आल्यावर बुजणारे मूल धीट होई. कारण त्या वस्तूची ओळख त्याला बाईंपेक्षा अधिक असे. या अंगणातल्या बालवाडीलाच अंगणवाडी हे नाव मिळाले. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत आले. तेथे नवी अडचण दिसली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राही. तिला दोष न देता ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. हीच विकासवाडी. धाकटे पाळण्यात आणि थोरली वर्गात, अशी सोय झाली. जी मुले गुरे राखत होती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. प्रत्येक वेळी मुलाची अडचण आधी ओळखली गेली, आणि बदलली ती शाळेची व्यवस्था.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत हे कार्य पुढे चालविले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात शिक्षकी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आज आपल्या वर्गात परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल बसते. हैदराबाद किंवा बडोद्यासारख्या शहरांत आपलेच मराठी मूल दुसऱ्या भाषेच्या वर्गात बावरून बसलेले असते. त्याचे नाव नीट उच्चारणे, त्याच्या घरच्या बोलीतील चार शब्द विचारून घेणे, त्याच्या डब्याला वा कपड्यांना कोणी हसू नये याची काळजी घेणे, आणि उशिरा आल्याबद्दल रागावण्यापूर्वी त्याची सकाळ कशी गेली हे पुसणे, यासाठी पैसा लागत नाही. पहिल्याच इयत्तेत परके ठरलेले मूल अनेकदा परत येत नाही, आणि हजेरीपटावर ते केवळ गैरहजर म्हणून उरते. उद्या हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आले नाही, तर शाळा सुटल्यावर त्या मुलाच्या अंगणापर्यंत जाऊन यावे.