पाण्याचे रंग, लाकडाचे ठसे

जपानी चित्रकार हिरोशी योशिदा यांचे चरित्र या अंकासाठी मी मुद्दाम निवडले आहे. नावारूपाला आलेला हा गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिकाऊ होऊन कामाला बसला. त्याचे मला फार अप्रूप वाटते.

त्यांचा जन्म १८७६ साली कुरुमे येथे झाला. माहेरचे म्हणावे तसे त्यांचे मूळ आडनाव उएदा. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक कासाबुरो योशिदा यांनी मुलाचा हात ओळखला व त्याला दत्तक घेतले. पुढे १८९४ मध्ये कासाबुरो वारले आणि घरातील बायकामुलींचा भार अठरा वर्षांच्या हिरोशींवर पडला. त्या मुलींपैकी फुजिओ हिच्याशीच १९०७ मध्ये त्यांचे लग्न झाले. तीही चित्रे काढी, आणि लग्नाआधी दोघांनी परदेशांत आपली चित्रे मांडली होती.

हिरोशींची खरी कमाई जलरंगांची. १८९९ मध्ये एका मित्राला घेऊन ते अमेरिकेला गेले. डेट्रॉइट व बोस्टन येथे त्यांची चित्रे चांगली खपली. लाकडी ठशांकडे ते वळले ते १९२० मध्ये, वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकामुळे. चित्र योशिदांचे, कोरणारा निराळा, छापणारा निराळा, अशी ती जुनी रीत होती. १९२३ च्या सप्टेंबरात तोक्योला मोठा भूकंप झाला व त्यामागून आग लागली. तीत ते ठसे जळून गेले.

मग नवराबायको पुन्हा अमेरिकेला गेली. तिथे जपानी ठसाचित्रांना, अगदी सुमार चित्रांनाही, गिऱ्हाईक असल्याचे त्यांना दिसले. १९२५ मध्ये परतल्यावर, वयाच्या ४९ व्या वर्षी, योशिदांनी स्वतःची कार्यशाळा काढली. कारागिरांना हुकूम सोडायचा तर त्यांचे काम आपल्याला त्यांच्याहून चांगले आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. म्हणून कोरणे आणि छापणे त्यांनी स्वतःच्या हाताखाली घातले.

हे काम आहे तरी कसे? पातळ कागदावरचे रेखाचित्र जंगली चेरीच्या फळीवर उपडे चिकटवतात आणि रेघा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतात. या मुख्य ठशाचे छाप घेऊन त्यांवरून प्रत्येक रंगाची फळी वेगळी कोरायची. प्रत्येक फळीच्या कडेला दोन खाचा असतात. कागद त्यांत नेमका टेकला तरच निळे आकाश डोंगराच्या अंगावर ओघळत नाही. रंग पाण्यात कालवून थोड्या तांदळाच्या खळीबरोबर ब्रशाने फळीवर पसरतात. (खळ म्हटली की आपल्याला काही शिकवायला नको!) त्यावर दमट कागद ठेवून पाठीवरून बांबूचे साल गुंडाळलेली चकती घासतात. कागद फार ओला झाला तर रंग फुटतो, वाळला तर धरत नाही. फळीवर रंग पुसट करीत नेला की संध्याकाळच्या आभाळासारखी छटा उतरते. पुष्कळांना वाटते, चार रंग म्हणजे चार छाप. योशिदांच्या एकेका चित्रावर कधी तीसच्या वर छाप पडत.

१९२६ मधील त्यांची शिडाच्या होड्यांची चित्रे पाहावीत. ठसे तेच, रंग मात्र बदललेले; त्यातून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशा निरनिराळ्या वेळा उभ्या राहिल्या. ज्या चित्रांच्या छपाईवर त्यांची स्वतःची देखरेख असे, त्यांच्या कडेला ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेले, असा शिक्का आढळतो.

१९३० च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी याला घेऊन ते हिंदुस्थानात आले. ताजमहाल, काशीचा घाट आणि आपल्या अजिंठ्याची लेणीही त्यांच्या ठशांत उतरली. १९३९ मध्ये त्यांनी या कलेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि हातची विद्या घरापुरती झाकून ठेवली नाही. हे मला त्यांच्या चित्रांइतकेच मोठे वाटते. १९५० मध्ये ते निवर्तले.

घरात काम थांबले नाही. आजवर जलरंग व तैलरंगांत रमलेल्या फुजिओबाईंनी पासष्टीच्या आसपास स्वतः ठसे हाती घेतले व मोठमोठी फुले छापली. त्या १९८७ पर्यंत जगल्या. धाकटी सून चिझुको हिने १९५६ मध्ये इतर स्त्री-चित्रकारांबरोबर ठसाचित्रे करणाऱ्या बायकांचे एक मंडळ काढले.