राजाची शिकार, सुनेची शाळा

राजर्षी शाहू महाराज म्हटलं की आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत शिक्षण, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण मैत्रिणींनो, हा राजा पट्टीचा शिकारी होता, हे कितीजणींना ठाऊक आहे? आणि याच शिकारीने त्यांच्या घरावर केवढा घाला घातला, हे?

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोट, धारवाडला शिकून 1894 मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. धिप्पाड देह, कुस्तीचा नाद, घोड्यांची पारख आणि शिकारीचं वेड! त्या काळी संस्थानात मोठ्या जनावराची शिकार हा राजाचा मान असे. रानंही त्यासाठीच राखलेली. दाजीपूरच्या जंगलात वाघ, गवे. माळावर काळवीट आणि त्याच्यामागे सोडलेला पाळीव चित्ता. कोल्हापूरची चित्त्यांची शिकार देशभर प्रसिद्ध होती. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले.

पण शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडणाऱ्या महाराजांना जनावरांबरोबर माणसंही दिसली. फासेपारधी ही तर शिकारीवरच जगणारी जमात. राजाने शिकार केली तर पराक्रम आणि पारध्याने फास लावला तर तो चोर, असा तो जमाना. महाराजांनी मात्र या लोकांना जवळ केलं. कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर त्यांना वसवलं आणि चक्क पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांना जग चोर म्हणत होतं, त्यांच्याच भरवशावर राजा निर्धास्त झोपायचा.

1918 साल उजाडलं. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीला गेले आणि घोड्यावरून पडून दगावले. ऐन विशीतला मुलगा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मागे राहिली सून इंदुमती, अवघी अकरा-बारा वर्षांची. आई म्हणून विचार केला तरी अंगावर काटा येतो.

त्या काळात अशा पोरीच्या नशिबी काय होतं, हे सांगायला नको. अंधारी खोली आणि जन्मभराची उपेक्षा. महाराजांनी 1917 मध्येच विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. आता घरातल्याच पोरीचा प्रश्न होता. त्यांनी तिच्या हाती पाटी दिली. राजवाड्यात कुरबुरी झाल्या, पण ते बधले नाहीत. सोनतळीलाच तिच्या शिक्षणाची सोय केली आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. तिने डॉक्टर व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. ते पाहायला ते राहिले नाहीत. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पण इंदुमती राणीसाहेब मॅट्रिक झाल्या आणि पुढे त्यांनी कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं.

आणि शिकारीचं काय झालं? 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. संस्थानं गेली, तरी परवाना काढून शिकार काही वर्षं चालूच होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने तर हौशी शिकारीचे परवानेच संपले. महाराजांचं दाजीपूरचं रान 1958 मध्येच गव्यांचं अभयारण्य झालं. तेच आजचं राधानगरी अभयारण्य, 2012 पासून जागतिक वारशात गणलं जाणारं. राजाच्या हौसेपायी राखलेलं रान आज गव्यांना आसरा देतंय. 2022 मध्ये चित्तेही आफ्रिकेतून पुन्हा आले, मध्य प्रदेशातल्या कुनोला. या वेळी मात्र रानात मोकळे राहण्यासाठी.

आमच्या ठाण्यातच बघा ना. 2019 च्या फेब्रुवारीत समतानगरच्या बाजूला बिबट्या थेट मॉलमध्ये शिरला. शंभर वर्षांपूर्वी हाकारे उठले असते, बंदुका निघाल्या असत्या. इथे त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन नॅशनल पार्कात नेलं. माजिवड्यात दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर तोच विषय!

हा बदल चांगलाच आहे. पण कायद्याने राजाची फक्त हौस गेली, पारध्याचं मात्र पोट गेलं. शिकार बंद झाल्यावर त्याने काय करावं, हे त्याला कुणी धड सांगितलं नाही. चोरीचा शिक्काही पुरता पुसला गेला नाही. आजही नाक्यावर फुलं विकणारी पारध्याची पोर दिसली की आपण गाडीची काच वर करतो.

महाराजांनी याचं उत्तर सोनतळीला कधीच दाखवून दिलं होतं. हाताला काम द्यावं, माणसावर विश्वास टाकावा आणि पोरीच्या हाती पाटी द्यावी. रानातली जनावरं वाचवायला आपण शिकलो. रानातल्या माणसांचं तेवढं राहिलंय.