मनू गोखले ते लक्ष्मीबाई टिळक

स्वभावाला औषध नाही, असे आपण बायका दिवसातून एकदा तरी म्हणतोच. मंडळात पापड लाटताना कोणाची सून अबोल निघाल्याचे किंवा कोणाचा मुलगा तापट निघाल्याचे कळले, की एक जण लगेच म्हणते, उपजतच तसा असेल. दुसरी म्हणते, नाही हो, घरचे वळण. मग पापड एकीकडे आणि वाद दुसरीकडे. मार्कंड्यासारख्या क्षेत्री राहणाऱ्या आपल्या तोंडी कपाळी लिहिल्याची भाषा तर जरा जास्तच असते. वास्तविक या क्षेत्राला ज्याचे नाव मिळाले, त्या मार्कंडेयाची कथाच मुळी अशी, की सोळाच वर्षांचे लिहून आणलेले आयुष्य त्याने शंकराच्या पिंडीला मिठी मारून पालटून घेतले. पण ही गोष्ट महाशिवरात्रीच्या यात्रेत ऐकायची आणि घरी आल्यावर विसरायची, अशी आपली रीत!

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा हाच वाद माझ्या मनात घोळत होता. त्याचा निकाल लावण्याइतकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. परंतु ज्यांच्या आयुष्यात स्वभाव आणि अनुभव या दोघांचेही काम उघड्या डोळ्यांना दिसते, अशा एका बाईंचे चरित्र मी सांगू शकते. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळ भगिनींनी वाचले असेल, निदान शाळेत त्याचा एखादा धडा तरी. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचनालयातून आणून जरूर वाचावे. मात्र दुपारी चूल आवरल्यावरच हाती घ्यावे, नाहीतर भाजी करपलीच म्हणून समजा.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात सारे मनू म्हणत. त्यांच्या जन्माआधीच या घरावर एक भयंकर प्रसंग येऊन गेला होता. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना सरकारने फाशी दिले. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात येत नसे. धान्य धुणे आपण समजू शकतो, पण पाण्यात विरघळणाऱ्या जिनसांचीही सुटका नव्हती! अशा घरात बाईमाणसाचे काय होत असेल, हे ज्यांनी ऐन थंडीत ओलेत्याने स्वयंपाक केला आहे त्यांनाच विचारावे.

येथे मला एक गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटते. फाशी गेले ते नानांचे सासरे. मनूच्या आईचे तर ते जन्मदाते वडील. दुःख मोजायचेच झाले, तर तिचे दुःख अधिक. परंतु सोवळ्याने पछाडले ते जावयाला, लेकीला नव्हे. ती बिचारी नवऱ्याचा तो सारा व्याप सांभाळून मुलेबाळे वाढवीत राहिली. एकच वीज एकाच घरावर पडली आणि एक जण आतून ढासळला, दुसरे माणूस उभे राहिले. आपल्या मार्कंड्याच्या देवळावर वीज पडून शिखर कोसळल्याचे सांगतात. पण भिंतींवरच्या मूर्ती अजून पाहणाऱ्याला थक्क करतात. सगळेच दगड एका वेळी खाली येत नाहीत. तेव्हा अनुभव माणसाला घडवतो म्हणणाऱ्या भगिनींनी नाना आणि त्यांची पत्नी यांच्याकडे एकदा पाहावे.

आणि स्वभावच काय तो खरा म्हणणाऱ्यांनी मनूकडे पाहावे. ही मुलगी हसरी, सरळ आणि काहीशी भोळी. वडिलांच्या सोवळ्याचा जाच तिने सोसला. पण पुढे म्हातारपणी तो लिहायला घेतला, तेव्हा त्यात वडिलांविषयी कडवटपणा कोठेच आला नाही. वाचणाऱ्याला हसू येते, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांची कीवही येते. असे लिहिता येणे ही केवळ शिकण्याची गोष्ट नव्हे. शिवाय मनू शाळेत गेलीच कोठे होती? लग्न झाले तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती.

मनूचे लहानपण पुढे नाशकास आत्याच्या घरी गेले. १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळक यांच्याशी तिचे लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली.

टिळक हे कवी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. नवरा म्हणून ते कसे होते, हे मात्र लक्ष्मीबाईंनीच सांगावे. त्यांचा जन्म १८६१ चा, कोकणातला. वडील कडक, आई गेल्यावर पोराने कोवळ्या वयातच घर सोडले. आज येथे तर उद्या तेथे ही सवय जी लागली, ती जन्मभर सुटली नाही. हा स्वभाव म्हणावा की लहानपणच्या पोरकेपणाने लागलेली वाट? मला तरी सांगता यायचे नाही. एवढे खरे, की हे गृहस्थ घरात न सांगता निघून जात, नोकऱ्या सोडीत, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकीत. राग आला तर घर डोक्यावर घेत आणि घटकाभराने लहान मुलासारखे विरघळत. त्यांच्या मनात कपट नव्हते. परंतु कपट नसलेल्या माणसाशी संसार करणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी तो करून पाहावा. आपली गरीब लक्ष्मी कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे अशी फिरत राहिली. मुले झाली; काही लहानपणीच गेली. मधूनमधून नवऱ्याला लहर आली, की तो तिला शिकवायला बसे. अशा लहरींवरच ती लिहायला-वाचायला शिकली.

आपल्या भागाशी टिळकांचा संबंध आला तो याच काळात. ते नागपुरास होते, तेथून राजनांदगावच्या संस्थानात गेले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलाचा नवा करार वाचायला दिला. आपल्या झाडीच्या शेजारून जाणाऱ्या त्या गाडीत लक्ष्मीबाईंच्या आयुष्याने वळण घेतले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या काळी नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कुंकू आहे, संसार नाही. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी लहानगा दत्तू. त्या हसऱ्या बाईचे हसू या वेळी पार गेले. त्या खचल्या, आजारी पडल्या, अन्नावरची वासना उडाली. पंढरपुरास नातेवाइकांजवळ राहून त्यांनी ते दिवस काढले. कोणी सहानुभूतीने बोले, कोणी टोमणे मारी. त्याच दिवसांत त्यांच्या दुःखाने पद्याचे रूप घेतले. ज्या बाईला अक्षरे गिरवताना घाम फुटे, तिने आपली व्यथा ओव्या-पदांत बांधली.

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने सांगते. कारण काही भगिनी म्हणतात, की स्वभाव आनंदी असला म्हणजे माणसाला दुःख कमी लागते. हे काही खरे नाही. लक्ष्मीबाईंना पुरेपूर लागले. आनंदी स्वभावाचा उपयोग झाला तो नंतर, दुःख ओसरू लागल्यावर. नाना ज्या धक्क्यातून कधी बाहेर आले नाहीत, तशाच धक्क्यातून त्यांची लेक चार-पाच वर्षांनी बाहेर आली, आणि आली ती पुन्हा पूर्वीसारखी हसतच.

पूर्वीसारखी म्हणते, पण सर्वस्वी पूर्वीसारखी नव्हे. टिळकांनी धर्मासाठी बायकोवर जोर केला नाही. ही गोष्ट त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदली पाहिजे. लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे त्यांना पाळता यावे म्हणून प्रथम वेगळे बिऱ्हाड केले. नानांची लेक ती! शिवाशिव तिच्या रक्तात भिनलेली असणार, असेच कोणालाही वाटेल. परंतु तेथे रोज दिसणारी माणसे वेगवेगळ्या जातींतून आलेली, आणि वागायला मात्र चांगली. पाहता पाहता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की ही जात देवाने केली की माणसाने? एके दिवशी त्यांचा निश्चय झाला, की हा माणसाचाच खेळ आहे. झाले! त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. धर्म बदलण्याच्या आधीच त्यांच्या मनातून जात गेली. १९०० साली त्यांनी दत्तूसह दीक्षा घेतली.

मला सर्वांत नवल वाटते ते याच गोष्टीचे. जन्मापासून अंगात मुरलेली, वडिलांनी अहोरात्र पाणी घालून वाढवलेली शिवाशिव गेली. भोळेपणा, विनोद आणि मनातले चटकन बोलून टाकण्याची खोड मात्र होती तशीच राहिली. माणसाची मते आणि माणसाचा पिंड या दोन गोष्टी आपण एकत्र कालवतो. सून देवपूजा करीत नाही हे तिचे मत. ती सोशिक किंवा उतावळी आहे हा तिचा पिंड. मताला आपण स्वभाव म्हणतो आणि हात टेकतो, आणि जो खरा पिंड असतो तो मात्र बोलून बोलून बदलायला जातो! लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर असेही म्हणता येईल, की त्यांच्या सरळ स्वभावामुळेच त्यांचे मत बदलू शकले. डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी मानले. नाना तेच जग पाहत होते, पण भीतीने.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीचा अभ्यास केला आहे. १९५६ सालापासून न्यूयॉर्क शहरात अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने शंभरावर मुले तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. कोणते बाळ शांत, कोणते किरकिरे, कोणते नव्या माणसाला बिचकणारे, हा फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसतो, असे त्यांना आढळले. यात नवीन ते काय, असे कोणीही चार मुलांची आई म्हणेल. पण पुढे मूल कसे निघेल हे नुसत्या त्या फरकावर ठरत नाही. त्या मुलाचा आणि घराचा मेळ बसतो की नाही यावर ठरते, हेही त्यांनी सांगितले. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून दिसते, की माणसामाणसांतील स्वभावाच्या फरकाचा जवळजवळ निम्मा वाटा उपजत असतो. त्याहून गंमत म्हणजे, एका घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव सारखे होतात असे काही दिसत नाही. म्हणजे मुलगा तापट निघाला तर आईला बोल लावणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

काही जणी शंका घेतील, की लक्ष्मीबाईंनी हे सारे साठी उलटल्यावर लिहिले. लांबून पाहिले की काट्याचाही नायटा वाटत नाही; तेव्हा तो विनोद स्वभावातला कशावरून, म्हातारपणाचा कशावरून नव्हे? शंका रास्त आहे. त्यांच्या तरुणपणाची हकिकत आपल्याला मुख्यतः त्यांच्याच तोंडून कळते. पण म्हातारपणाने सगळेच गोड होत नाहीत, हे आपल्या आळीतच पाहून घ्यावे. शिवाय त्यांची नुसती कृती पाहिली तरी पुरे. टिळक ज्या पोरक्या मुलांना घरी आणीत, त्यांचे करायचे ते लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याच्या दानशूरपणाचा भार नेहमी बायकोच्याच पाठीवर पडतो. त्यांनी तो उचलला आणि मुलांना माया दिली. प्लेगच्या साथीत लोक सख्ख्या माणसाला टाकून पळत, तेव्हा या दोघांनी आजाऱ्यांची सेवा केली. सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई प्लेगच्या रोग्याच्या उशाशी बसते, याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नाशी लागून गेली होती. त्या मुंबईस मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीचे काम करू लागल्या, पुढे मुलाबरोबर कराचीसही राहून आल्या. आयुष्यभर नवऱ्याच्या मागून फिरलेली ही बाई उतारवयात आपल्या पायांनी फिरली.

टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य आरंभले होते, ते अपुरे राहिले होते. ते पुरे करायला लक्ष्मीबाई बसल्या आणि तब्बल ६४ अध्याय लिहून त्यांनी ते तडीस नेले. दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यांनी आईला म्हटले, तुला आठवते ते लिहून दे. आईने लिहायला घेतले टिळकांविषयी, आणि त्यात जलालपूर आले, नाना आले, सोवळे आले, आत्या आली. १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकास लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. तोवर सारे भाग छापून झाले नव्हते. शेवटचा, चौथा भाग त्यांच्या मागून, १९३७ साली बाहेर आला.