मांजराच्या रक्तातला पुरावा : डॉ. कार्लुस शागस

आपल्या घरात मांजर असते, अंगणात कुत्रा, परसात कोंबड्या, गोठ्यात गाय. ही मंडळी आपल्या सोबत राहतात म्हणजे त्यांना चावणारे किडेही आपल्या सोबतच राहतात. इतकी साधी गोष्ट, पण तिचा अर्थ नीट समजून घेणारा एक डॉक्टर शंभर वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये होऊन गेला. त्यांच्या नावाचे स्पेलिंग पाहून आपण त्यांना ‘चागास’ म्हणतो. पोर्तुगीज उच्चार मात्र ‘शागस’. गोव्यातल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको.

कार्लुस शागस यांचा जन्म ब्राझीलच्या मिनास झेराइस प्रांतातल्या एका कॉफीच्या मळ्यावर झाला. वडील ते चार वर्षांचे असतानाच वारले. तरुण विधवा आईने मळा आणि मुले दोन्ही सांभाळली. मुलाने खाणींचा इंजिनिअर व्हावे अशी तिची इच्छा. पण डॉक्टर असलेल्या मामांचा प्रभाव मोठा ठरला आणि १८९७ साली कार्लुस रिओ दि जानेरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हिवतापावर प्रबंध लिहून ते १९०३ मध्ये डॉक्टर झाले. याच काळात त्यांना ओस्वाल्दो क्रूझ यांच्यासारखे गुरू लाभले. रिओतून पीतज्वर हटवण्यासाठी झटणारे ते हेच क्रूझ.

१९०७ साली लासांसे या गावाजवळ रेल्वेचा नवा मार्ग टाकण्याचे काम चालू होते. मजूर हिवतापाने आजारी पडत, काम थांबे. क्रूझ यांनी शागस यांना तिकडे पाठवले. तेथे ना इस्पितळ, ना प्रयोगशाळा. रेल्वेचा एक डबा मिळाला, त्यातच राहणे आणि त्यातच सूक्ष्मदर्शक मांडून काम करणे. (आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत जागा अपुरी आहे म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हा डबा डोळ्यांसमोर आणावा!)

तिथल्या एका इंजिनिअरने त्यांना एक कीटक दाखवला. ढेकणाच्या जातवळ्यातला, पण बोटाच्या पेराएवढा मोठा. कुडाच्या भिंतींना तडे गेले की त्यात तो दिवसा लपून बसे आणि दिवा मालवल्यावर बाहेर येऊन झोपलेल्यांचे रक्त पिई. बहुधा तोंडावर चावे, म्हणून लोक त्याला ‘बार्बेरु’ म्हणजे न्हावी म्हणत. असल्या किड्याकडे कोणी शास्त्रज्ञ ढुंकून पाहिला नसता. शागस यांना मात्र प्रश्न पडला: जो किडा रोज माणसाचे रक्त पितो, त्याच्या पोटात काही रोगजंतू असतील का?

त्यांनी किडे चिरून पाहिले. आतड्यात शेपटीसारखा तंतू असलेले, वळवळणारे सूक्ष्म परजीवी दिसले. काही किडे त्यांनी क्रूझ यांच्याकडे रिओला पाठवले. तेथे ते किडे लहान माकडांना चावू दिले, आणि तीनेक आठवड्यांनी एका माकडाच्या रक्तात परजीवी आढळले. गुरूंच्या सन्मानार्थ शागस यांनी त्याचे नाव ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ ठेवले.

पण हा परजीवी गावात राहतो कुठे? किडा तर माणसाच्या घरात. मग तपासही घरातच करायला हवा, असे त्यांनी ठरवले आणि माणसांबरोबर पाळीव जनावरांचेही रक्त तपासायला घेतले. एका घरातल्या मांजराच्या रक्तात तोच परजीवी मिळाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच घरातली दोन वर्षांची बेरेनिस तापाने फणफणली. १४ एप्रिल १९०९ रोजी तिच्या रक्तातही तो दिसला. म्हणजे वाहून नेणारा कीटक आधी सापडला, मग त्याच्यातला परजीवी, मग जनावर आणि शेवटी रोगी! वैद्यकशास्त्रात बहुधा हा क्रम उलटा असतो.

मांजर तिथे योगायोगाने नव्हते, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. कुत्रा आणि मांजर रात्री घरातच झोपतात, किडे त्यांनाही चावतात. शिवाय ते किडे खाऊनही टाकतात आणि तसेही त्यांना लागण होते. त्यांच्या रक्तात परजीवी दीर्घकाळ टिकून राहतो आणि नव्या किड्यांना तिथून तो मिळत राहतो. कोंबडीची गोष्ट निराळी. पक्ष्यांना हा रोग होत नाही, पण कोंबडीच्या रक्तावर किड्यांची पैदास मात्र जोमाने होते. १९१२ मध्ये शागस यांना रानातल्या आर्माडिलो या चिलखती प्राण्यातही हाच परजीवी मिळाला. रोग मूळचा रानातला. माणसाने जंगल तोडून कुडाची घरे बांधली आणि किडा घरात राहायला आला.

शागस यांच्या चुकाही झाल्या. किड्याच्या डंखातून परजीवी अंगात जातो असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात तो किड्याच्या विष्ठेतून, माणूस खाजवतो तेव्हा जखमेतून किंवा डोळ्यातून शिरतो. हे १९१२ मध्ये फ्रान्सच्या ब्रुम्प्ट यांनी दाखवले. त्या भागातल्या लोकांना होणारा गलगंडही याच रोगाने होतो, असे शागस मानत. हे चूक होते आणि पुढे याच चुकीचे विरोधकांनी भांडवल केले. १९२२ मध्ये रिओच्या वैद्यकीय अकादमीत त्यांच्याच देशबांधवांनी रोगाचे महत्त्व आणि शोधाचे श्रेय दोन्हींवर शंका घेतली. त्यांचे नाव १९१३ आणि १९२१ साली नोबेलसाठी सुचवले गेले होते. १९२१ चे वैद्यकाचे पारितोषिक तर कोणालाच दिले गेले नाही. आमच्या मते यापेक्षा मोठा तोटा खेड्यांचा झाला. वादात रोग मागे पडला आणि कुडाच्या भिंतींत किडे तसेच राहिले.

क्रूझ यांच्या निधनानंतर १९१७ पासून त्यांची संस्था शागस यांनी सांभाळली, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत रिओत मदतकार्याची धुरा वाहिली. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी हृदयविकाराने ते गेले. थोरला मुलगा एव्हांद्रो पुढे काळाआजाराच्या संशोधनात शिरला. तिथेही वाहक चावरी माशी आणि घरचा कुत्रा हे दोघे होतेच. १९४० मध्ये विमान अपघातात त्याचा अंत झाला.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात या परजीवीचा भाऊबंद, गुरा-घोड्यांना ‘सर्रा’ रोग देणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला होता. औषध मिळाले आणि तो बरा झाला.

ब्राझीलमध्ये किटकनाशकांची फवारणी आणि पक्क्या भिंतींची घरे यांनी फरक पडला. घरात राहणाऱ्या मुख्य किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचे २००६ मध्ये प्रमाणित झाले. २०२० पासून १४ एप्रिल हा जागतिक शागस रोग दिन म्हणून पाळला जातो. ती तारीख बेरेनिसची. ती मुलगी तेव्हा बरी झाली आणि सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. डॉक्टरांनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये तिचे रक्त तपासले, तेव्हा तो परजीवी अजूनही तिथेच होता.