नरनाळ्यावर फोटो काढताय? मग फत्तेउल्लाला ओळखून घ्या!

नरनाळ्याला ट्रिप गेली की महाकाली दरवाज्यासमोर तुमचा एक फोटो ठरलेलाच असतो. पण १४८७ मध्ये हा दरवाजा ज्यानं बांधून घेतला, त्या फत्तेउल्लाची गोष्ट माहितीय का?

गडी मूळचा वऱ्हाडी नव्हेच. विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मणाचा पोरगा. लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला. घर सुटलं, धर्म बदलला, नावही बदललं. वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान यानं त्याला पदरी ठेवलं. पोरगा इतका पुढं गेला, की ‘इमाद-उल-मुल्क’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडची सुभेदारीही त्याच्याकडंच आली. १४९० च्या सुमारास त्यानं बहमनींना रामराम ठोकला. राजधानी केली एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर.

१५०४ मध्ये तो वारला. मुलगा अलाउद्दीन यानं विजापूरच्या सुलतानाची बहीण केली, नातू दर्यानं लेक अहमदनगरला दिली. सोयरीक जुळली की राज्य टिकतं, असा तेव्हाचा हिशेब. तो साफ चुकला. पणतू बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा लहान होता. सरदार तुफालखाननं सगळी सत्ता हातात घेतली आणि पोराला कोंडून ठेवलं. कुठं? याच नरनाळ्यावर, पणजोबानं मजबूत केलेल्या किल्ल्यात!

१५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहानं, म्हणजे लेक दिलेल्या घरानंच, वऱ्हाड गिळलं. बुऱ्हाण आणि तुफालखान दोघांनाही धरून नेलं. दोघंही कैदेतच मेले.